पायाखालचा बांध

नाथा म्हाताऱ्याच्या तळपायाखाली चुलीतला निखारा होता आणि तो भिंतीला टेकून निवांत पेज पीत होता. आवडाबाईने लाकूड मागे ओढलं तेव्हा निखारा उडून त्याच्या पुढ्यात पडला होता. म्हाताऱ्याने पाय लांब केला तो नेमका त्याच्यावर. करपल्याचा वास आला तसं तिला वाटलं, भाकर लागली. पण तवा तर रिकामा. मग तिची नजर खाली गेली.

"अवो, पाय! पाय उचला आदी!"

"काय झायलं?" म्हणत नाथाने सावकाश पाय उचलला. टाचेपाशी सुपारीएवढा काळा डाग पडला होता. म्हाताऱ्याच्या तोंडावर दुखल्याची खूण नव्हती. तो घाबरला होता मात्र.

"कवापासना ह्यो?"

"काय कवापासना?"

"मना येडी समजता काय? तुमच्या पायाला कलत नाय. कवापासना, सांगा!"

"शिमग्यापासना. दोनी पायांना," नाथा म्हणाला आणि पुन्हा पेजेला तोंड लावलं.

आवडाबाई मटकन खाली बसली. दुसऱ्या कुणाचा पाय असता तर तिने चार शिव्या हासडून तेल-हळद लावली असती. पण हा नाथाचा पाय होता, आणि त्या पायावर अख्खं गाव जेवत होतं.

डोंबिवलीच्या खाली, खाडीला लागून हे गाव. शेतं सगळी खाडीतून काढलेली, भरतीच्या पाण्यापेक्षा खोल. मध्ये आडवा मातीचा बांध, एवढाच काय तो आधार. खारं पाणी एकदा आत आलं की तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही. आणि बांधाला वैरी एकच, खाडीतला खेकडा, चिंबोरी. ती बाहेरून बीळ पाडते, बीळ आरपार गेलं की पाणी झिरपायला लागतं. वरून हिरवंगार गवत असतं, डोळ्याला काही दिसत नाही. अनवाणी पायालाच ते कळतं. माती गार लागते, किंचित दबते, आतून हलल्यासारखी होते. तिथे खणायचं, चिखल-पेंढा ठासायचा, पायाने तुडवायचा.

पूर्वी अमावास्या-पुनवेला, उधाणाच्या आधी, घरटी एक माणूस बांधावर यायचा. पुढे आगगाडी आली. तरणे गडी खडी टाकायला ठाण्याला गेले, गोणी उचलायला कल्याणला गेले. बांधावर उरला एकटा नाथा. पण त्याची तक्रार नव्हती. बापाने त्याला एकच शिकवलं होतं, बांधावर असताना बांधावरच असायचं. गप्पा नाहीत, विडी नाही, घरची विवंचना नाही. टाच टेकायची, थांबायचं, मग चवडा टेकायचा. चाळीस वर्षं तो असा चालला आणि चाळीस वर्षांत बांध फुटला नाही. म्हणून दसऱ्याला नव्या भाताची पहिली लोंबी गावदेवीला आणि दुसरी नाथाच्या दाराला, अशी गावाची रीत पडली होती. मोठमोठ्या खातेदारांच्या दाराला तिसरी. नाथाला त्या लोंबीचं फार अप्रूप होतं, आणि का नसावं?

"गोयंदाला सांगा," आवडाबाई म्हणाली. शेजारचा गोविंदा तापाने गाडीवरचं काम सोडून घरी आला होता. "त्यो चालंल. तुमी बसा वरती, बोटानं दावा."

"काय सांगू त्याला? माजा पाय मेला म्हनून? महारोगाचं नाव घेतील लोकं. गावाभाईर खोपटं बांधून देतील आपल्याला. तू येशील खोपटात?"

"येन ना! नाय कोन बोल्लं?"

 नाथाची खोपटाची भीती खरी होती, पण ती अर्धीच. बांध हातचा गेला तर आपण कशाला उरलो, हे त्याला बायकोला सांगता येईना. शेवटी तो चिडून म्हणाला, "अमोशा परवा हाय. तोंड बंद ठेव."

भादव्याच्या अमावास्येला सकाळीच नाथा बांधावर गेला. भात निसवलं होतं, लोंब्यांत दूध भरत होतं. गवत कापायच्या निमित्ताने आवडाबाईही मागोमाग गेली. बांधाच्या तोंडाशी गोविंदा उभा.

"काका, आज मी येतंव संगती. पानी मोठं हाय बोलतान."

"तू गारीचा मानूस. पाय बांधाव नि डोकं ठान्याला. बस तिथंच."

गोविंदा हसून बसला. नाथा चालू लागला. टाच, थांबणं, चवडा. तीन बिळं त्याने डोळ्यांनीच धरली, चिखलाचे ताजे गोळे बाहेर पडले होते म्हणून. ती ठासली. मग वळणावरचं मोठं तिवराचं झाड आलं. तिथे गवत गुडघाभर होतं. नाथा थांबला. त्याचं सारं ध्यान पायाशी होतं, चाळीस वर्षांत कधी नव्हतं एवढं. पाय काहीच बोलेना. आणि पाय बोलला नाही म्हणजे माती घट्ट, हेच तो जन्मभर धरून चालला होता.

खाली वाकून हात लावून बघावा, असं त्याच्या मनात आलं. त्याने मागे पाहिलं. गोविंदा टक लावून बघत होता. नाथाला बांधावर हात टेकताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. तो तसाच पुढे गेला. आवडाबाईच्या हातातला विळा थांबला, पण तीही बोलली नाही.

भर दुपारी पाणी चढलं आणि तिवरापाशी बांध बसला. आधी मनगटाएवढी धार आली, मग बैलगाडी जाईल एवढी वाट झाली. माणसं धावली. पेंढ्याचे भारे टाकले, घरांची दारं काढून आणून टाकली. पाण्याने दारंही आत नेली. ओहोटी लागली तेव्हा सगळं भात आडवं झालं होतं आणि बायका बांधावर बसून मोठ्याने रडत होत्या.

संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली तसा नाथा मधोमध जाऊन उभा राहिला.

"मी हुभा व्हतो तिथं. मना कललं नाय. माजा पाय मेलाय. शिमग्यापासना मेलाय नि मी बोल्लो नाय."

 मग दगडू पाटलाने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, नका जिवाला लावून घेऊ. तुमी चालून गेलेले म्हंजे बांध चांगलाच व्हता. पानीच तसं आलं."

"अरे, नव्हता चांगला! मी सांगतंय ना!"

"मी डोल्यांनी बघला," गोविंदा पुढे झाला. "तिवराशी थांबले, पाय टेकला, बराच येल हुभे व्हते. काकांची चूक नाय."

नाथाने सगळ्यांची तोंडं पाहिली. पोटाला चिमटा बसलेली ती माणसं त्याच्याकडे दयेने बघत होती. म्हाताऱ्याला धक्का बसला, असं कुणीतरी हळूच म्हणालं. आवडाबाईने त्याला दंडाला धरून घरी नेलं.

दसऱ्याला गावदेवीला लोंबी वाहिली आणि गाव नाथाच्या दाराशी आलं. लोंबी पांढरीफटक होती. पाटलाने ती दाराला बांधली, हात जोडले आणि सगळे गेले. त्यांतले निम्मे चार दिवसांत बिऱ्हाडं उचलून ठाण्याकडे चालते झाले. नाथाने लोंबी तळहातावर चुरली. सगळा कोंडाच निघाला, दाणा एक नाही. तो लहान पोरासारखा रडला.

दिवाळीच्या अमावास्येला सकाळी गोविंदा वळकटी घेऊन गाडीला निघाला होता. बांधावर त्याला नाथा दिसला. दोन्ही गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी गवत चाचपत म्हातारा इंचाइंचाने सरकत होता. खाली आवडाबाई पाटीत चिखल भरत होती. आत शेतात मिठाची पांढरी साय धरली होती आणि तिवरापाशी बांधाचं खिंडार तसंच उघडं होतं.

"काकी, काय धुंडतान काका?"

"चिंबोरीची बिलां."

"आता कशाला? आत राखायला हाय काय?"

"कायच नाय," आवडाबाई म्हणाली. चिखलाची पाटी तिने डोक्यावर घेतली आणि नवऱ्याच्या मागे बांधावर चढली.