आप्पासोंच्या आवाजाची फाईल

आप्पासो गेले त्याच्या पुढच्या साली पुण्याच्या एका संस्थेचा राणीला मेल आला. आप्पासो म्हणजे राणीचे आजोबा. आटपाडीच्या पुढं माळावर त्यांची वस्ती. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, पण बिरोबाच्या देवळात ढोलावर ओव्या म्हणायला लागले की आसपासच्या वस्त्यांवरची माणसं येऊन बसायची. ते धडधाकट होते तेव्हा या संस्थेची माणसं गाडी घेऊन आली होती आणि त्यांचं गाणं रेकॉर्ड करून गेली होती. फोटो पाठवतो म्हणून राणीचा मेल लिहून घेतला होता. फोटो कधी आलेच नाहीत.

आता त्यांना ते गाणं एका कार्यक्रमात वाजवायचं होतं. त्यासाठी घरच्यांची परवानगी हवी होती. ‘रेकॉर्डिंग सोबत जोडले आहे. ऐकून संमती कळवावी.’

“आजे, आजोबांचा आवाज आलाय,” राणी म्हणाली. बयाबाईनं थापायला घेतलेली भाकरी तशीच परातीत ठेवली, हात धुतले आणि पदर सारखा करून ती फोनसमोर येऊन बसली.

फाईल उघडेना. पासवर्ड मागत होती आणि मेलमध्ये पासवर्ड कुठंच नव्हता. राणीनं मेलखालच्या नंबरवर फोन लावला. तिकडं एक सर होते. “अरे हो, तो आमच्या ऑफिसचा असतो. थांबा, दुसरी पाठवतो.”

दुसरी आली, तर ‘या प्रकारची फाईल उघडता येत नाही,’ असं फोन म्हणाला. राणी आटपाडीत ठिबकच्या दुकानात बिलं करायची. तिथल्या कॉम्प्युटरवर तिनं गाणी वाजवायची दोन-तीन सॉफ्टवेअर घालून बघितली. काही होईना. पुन्हा फोन.

“आमच्याकडे व्यवस्थित उघडते,” सर म्हणाले. “तुमचा मोबाईल जुना असेल.”

“कॉम्प्युटरवर पण उघडत नाही, सर. साधी गाण्याची फाईल करून पाठवा की.”

“हे बघा, तुमच्या आजोबांचंच गाणं आहे, तुम्ही आयुष्यभर ऐकलेलं. तुम्ही संमती तेवढी पाठवा. पत्रिका छापायला गेलीय.”

संध्याकाळी तिसरी फाईल आली. तीच फाईल, नाव तेवढं बदललेलं. शेवटी एमपीथ्री लिहिलं म्हणून ती काही वाजणार नव्हती. उष्टं ताट नुसतं फिरवून पुन्हा पुढं सरकवावं तसं राणीला वाटलं. बयाबाई रोज विचारायची, “उघडली का गं?” आणि राणीला त्या माणसापेक्षा स्वतःच्याच ‘न्हाई’ची चीड यायची.

रविवारी ती एसटीनं सांगलीला गेली. तिचा चुलतभाऊ अमृत तिथं एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायचा. त्यानं फाईल बघितली.

“ही रेकॉर्डरची कच्ची फाईल हाय. त्या मशिनचं सॉफ्टवेअर असल्याशिवाय वाजत न्हाई. कापली न्हाई, तासली न्हाई, भरली तशी दिलीया. त्यांनी स्वतः तरी ऐकली का न्हाई कुणास ठाऊक.” त्यानं ते सॉफ्टवेअर शोधून घातलं आणि साधी फाईल करून दिली. वाजवून बघू का म्हणाला, तर राणी म्हणाली, नको, आजीबरोबर ऐकते.

घरी दोघी ओट्यावर बसल्या. आप्पासोंनी घसा खाकरला, ढोलावर थाप पडली, आणि बयाबाईनं पदर तोंडाला लावला.

“थांबा थांबा, आजोबा. त्या मेंढ्या लांब न्यायला सांगा, आवाज येतोय.”

फोनवरच्या सरांचाच आवाज. आप्पासो थांबले. परत सुरू केलं, तर परत, “एवढं लांबण नको. मुख्य तेवढं म्हणा.”

“बरं,” आप्पासो म्हणाले. ओवी अर्ध्यात तोडताना राणीनं त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवटी एकदाची ती पुरी झाली. “बसा, दूध सांगतो,” असं ऐकू आलं आणि पावलं लांब गेली. रेकॉर्डर मात्र चालूच राहिला होता.

“दूध पिऊ नका रे, मेंढीचं असेल. शर्टाला वास लागलाय नुसता,” सर कुणाला तरी म्हणाले.

कुणी तरी बाई हसली. “म्हातारा एकदा सुरू झाला की थांबतच नाही.”

“आपल्याला पाहिजे तेवढं झालं. हो हो म्हणायचं आणि निघायचं.”

मग बयाबाईचा आवाज, “घ्या, ताजं हाय.” आणि लगेच तेच सर, “वा, आजी, काय सुंदर दूध.”

आजीकडं बघायचा राणीला धीर होईना.

“भांडी भरून दिली मी,” बयाबाई सावकाश म्हणाली. “गाडी गेल्यावर बघितलं तर बाभळीच्या बुडात दूध सांडलेलं. मला वाटलं कुत्र्यानं भांडं लवंडलं.”

“परवानगी द्यायची का, आजे?”

“त्या लोकांच्या तोंडात ह्यांचं नाव नगं.”

राणीनं लिहिलं, संमती नाही, कारण तुमच्याच फाईलच्या शेवटी आहे. तासाभरात सरांचा फोन आला.

“ते आमचं खासगी बोलणं होतं. तुम्ही ऐकायला नको होतं.”

“तुमीच पाठवलंय, सर.”

“अहो, ते कापूनच वाजवणार होतो. आजोबांचं नाव झालं असतं.”

दुधाला वा म्हणणारा तोच गोड आवाज. फोन कानाला लावून धरायचीसुद्धा राणीला शिसारी आली. “ते रेकॉर्डिंग तुमच्याकडनं पुसून टाका,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मेल आला, ‘आपल्या इच्छेनुसार काढून टाकले आहे.’ खरं का खोटं, ते कळायला काही मार्ग नव्हता.

अमृतनं माणसांची बोलणी कापून नुसती ओवी तेवढी ठेवून दिली. बयाबाई सकाळी शेण काढताना ती लावायला सांगते आणि सोबत गुणगुणते. राणी लावून देते. पण शेवटचं कडवं आलं की तिचा हात आपोआप फोनकडं जातो आणि ती गाणं बंद करते. पुढं आता काही नाही, हे माहीत असून.