कोपरा नसलेलं पाकीट

मिसेस केर यांच्या घरी बिऱ्हाड हलवून मला दोन महिने झाले होते, आणि घरचं पत्र या पत्त्यावर पहिल्यांदाच आलं होतं. सकाळी न्याहारीला खाली उतरले, तर दारामागच्या मेजावर ते पडलेलं. बाबांचं अक्षर मी जिन्यावरूनच ओळखलं. हातात घेतलं. पाकिटाचा वरचा उजवा कोपरा नव्हता.

आमच्याकडे, राहुरी तालुक्यात, मरणाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो. तसलं पत्र घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, रविवारी उपासनाही तेच चालवतात. असल्या समजुतींवर त्यांनी कितीदा तरी उपदेश केलेला. पण शेवगावहून आजी गेल्याचं कार्ड आलं, तेव्हा तेही ते लिंबाखाली उभ्यानं वाचत होते. मी पाहिलं होतं.

मी निघाले तेव्हा आई अंथरुणावर होती. खोकल्यानं तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. ‘जा गं, मी काय कुठं पळून जाते का,’ म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाकिटावरचं अक्षर बाबांचं. मग कोपरा कुणासाठी?

ओटची पेज तशीच टाकून मी बाहेर पडले. पाकीट कोटाच्या खिशात. फोडलं नाही तोवर आई आहे, एवढंच मला कळत होतं. एडिंबरात नोव्हेंबरचं धुकं असं असतं की समोरची ट्राम आधी ऐकू येते, मग दिसते. रोज मी ट्रामच्या वरच्या मजल्यावर पुढे जाऊन बसते. त्या दिवशी दाराशीच उभी राहिले, जणू मधेच कुठं उतरायचंय. कंडक्टरबाईनं नेहमीसारखं मला ‘राणी’ म्हटलं, साडीची चौकशी केली, थंडी वाजत नाही का विचारलं. मी काय सांगितलं, आठवत नाही.

शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात तो माझा सरावपाठाचा दिवस होता. चाळीस पोरांना भूगोल शिकवायचा. फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा काढला, गोदावरी काढली, आणि मग कुणी सांगितलं नसताना आमच्या राहुरीची मुळा नदी काढत बसले. एवढीशी नदी, नकाशात मावेचना. एका मुलीनं विचारलं, तिथं कोण राहतं? माझा खडू मोडला. मागच्या बाकावरच्या परीक्षकबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी जेवायला न जाता मी जहाज कंपनीच्या कचेरीत गेले. मुंबईचं पुढचं जहाज कधी? कारकुनानं मोठं पुस्तक चाळलं आणि जानेवारीआधी जागा नाही म्हणाला. जानेवारीत निघून मी कुणाला भेटणार होते? आणि न निघून तरी इथं कुणासाठी शिकणार होते? पायऱ्या उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. पाय एका जागी ठरेनात. आईचं जातं डोक्यात फिरायला लागलं होतं, आणि जात्यावर वाकलेली आई काही दिसत नव्हती.

त्या शहरात कोपऱ्याचा अर्थ कळेल असा एकच माणूस होता, नृसिंहराव. नगरच्या भिक्षुक घराण्यातला, इथं डॉक्टरी शिकणारा. दर शनिवारी आम्ही दोघं चहाला भेटायचो ते निव्वळ मराठी बोलायला. मी त्याच्या दारात जाऊन पाकीट पुढे केलं. त्यानं आधी पाकिटाकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

“आत नका आणू, मरियमबाई. थांबा, मीच येतो बाहेर.”

समोरच्या बागेत ओल्या बाकावर आम्ही बसलो. तो स्वतःशीच हसला. “जानवं पेटीत ठेवलं, सकाळपासून मुडदा चिरत होतो, आणि या पाकिटाला भितोय बघा.”

“तुम्हीच वाचा,” मी म्हटलं.

त्यानं फोडलं. मी चिमण्यांकडे बघत राहिले. कागद उलगडल्याचा आवाज आला, तेव्हा मी पदर तोंडात कोंबला. मग तो हळूच वाचायला लागला. बाबा एरवी आईचं बोलणं शुद्ध करून लिहायचे, या वेळी तिनं ते करू दिलेलं दिसत नव्हतं.

“‘जात्याच्या पाळीला गं, पीठ सांडतं भुरूभुरू, समुद्राच्या पल्याड माझं काय करीतं लेकरू. मरे पोरी, मी बरी हाय. खोकला गेला. कालधरनं दळाय बसती. तू तितं काय खाती, कुनाशी बोलती, कापडं कुटं वाळवती, ते काईच लिवत न्हाईस. नुसतं बरी हाय, बरी हाय. ते काय पत्र झालं व्हय?’”

मी रडले, आणि नृसिंहराव पाकीट उलटसुलट करत बसला. मग म्हणाला, कोपरा फाडलेला नाही, कात्रीनं कापलाय. आणि तिकीट कुठाय? दिवसभर मला नसलेला कोपराच दिसत होता. तिकिटाचं एकदाही मनात आलं नव्हतं.

घरी पोचले तर मिसेस केर माझीच वाट बघत होत्या. कापलेल्या तिकिटांनी भरलेला बिस्किटाचा डबा पुढे करून ओशाळल्या. त्यांच्या चर्चमध्ये परदेशी तिकिटं जमवून विकतात आणि पैसे दूरदेशीच्या मिशनशाळांना पाठवतात. तुला न विचारता कापलं, रागावलीस का? मी नाही म्हटलं. त्या बाईंना मी काय समजावणार होते? उरलेली पेज त्यांनी गरम करून दिली, ती खाल्ली.

खोलीत येऊन पत्र पुन्हा उघडलं. वरच्या ओळीत तारीख होती, अठरा ऑक्टोबर. आज सोळा नोव्हेंबर. जात्यावर बसलेली आई महिन्यापूर्वीची होती. कालची, आजची आई कशी होती, ते हे पत्र सांगत नव्हतं. पुढचंही सांगणार नव्हतं.

मी शाई काढली. ‘बरी आहे’ लिहिलं आणि खोडलं. मग लिहायला लागले. ओटची पेज आपल्या ज्वारीच्या कण्यांसारखी लागते, मीठ मात्र थोडं असतं. कपडे चुलीवर दोरी बांधून वाळवते, साडीला धुराचा वास राहतो. ट्राममधली बाई मला राणी म्हणते. आज मुलांना मुळा नदी काढून दाखवली. तिथं कोण राहतं, असं एका मुलीनं विचारलं.

तिला दिलं नव्हतं ते उत्तर लिहिलं. ‘माझी आई राहते,’ एवढंच. राहते की नाही, ते न विचारता. पाकीट चिकटवलं आणि टपालपेटीची शेवटची वेळ चुकू नये म्हणून कोटाची बटणं न लावताच धावत सुटले.