देवाचा पाट

दाराबाहेर अडकवलेली फुलपुडी घेण्यासाठी निवृत्त संस्कृत शिक्षक आत्माराम एक पाऊल बाहेर आले, आणि वाऱ्याच्या झोताने त्यांच्यामागे दार धाडकन लागले. किल्ली आत, गॅसवर नैवेद्याचे दूध आत, आणि पावणेतीन वर्षांची नात सुरुचीही आत. मुलगा-सून कामावर गेली होती. पत्नी जयवंती कळंबला भाचीकडे. फुलपाडा भागातल्या त्या घरात आता सुरुचीखेरीज कोणी नव्हते.

तिच्या प्रश्नांना अंत नसे. पाल भिंतीवरून पडत का नाही? शंखात समुद्र कोणी भरला? आत्मारामांचे उत्तर ठरलेले: "मोठी झालीस की कळेल."

"आबा, बाहेर का गेलात?" दाराआडून आवाज आला.

"फुलं घ्यायला. तू इथेच थांब."

"का?"

"थांब म्हटलं ना!"

"मी दूध बघून येते. फुगलं का ते?"

आत्मारामांनी दारावर थापा मारल्या. आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधली प्रिस्का बाहेर आली. तिने चावीवाल्याला फोन लावला.

"अर्धा तास म्हणतो. काका, हुकूम नका सोडू. कारण सांगा, म्हणजे ऐकेल. आमचा सॅमी अस्साच होता."

चाळीस वर्षे विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन केलेले आत्माराम बंद दारासमोर गुडघे टेकून बसले.

"सुरुची, तापलेलं दूध अंगावर उडतं, चटका बसतो. आणि हे दार फक्त तूच उघडू शकतेस. म्हणून थांब."

"मीच?"

"तूच. वरचा गोल खटका फिरव."

आत धडपड झाली. "हात पुरत नाही."

खुर्च्या जड होत्या. तिला ओढता येईल असा एकच होता, देवासमोरचा नैवेद्याचा पाट.

"तो पाट आण आणि त्यावर उभी राहा."

"नाही. पाटाला पाय लावायचा नाही. काल तुम्ही मला कान धरायला लावलेत."

प्रिस्काने हसू दाबले.

"आज लाव."

"आज का?"

हा प्रश्न टाळण्याची सोय नव्हती. आत्मारामांनी डोळे मिटले. जे उत्तर त्यांनी स्वतःलाही कधी दिले नव्हते, ते सावकाश ओठांवर आले.

"बाळ, पाट देवाचा आहे, आणि तूही देवाचीच. तुला उंच व्हायचंय म्हटल्यावर तो आपला पाट आनंदाने देईल. आधी नमस्कार कर, मग पाय ठेव. काल मी उगाच रागावलो."

"मग तुम्ही कान धरा."

एव्हाना अर्धा मजला जमला होता. आत्मारामांनी कान धरले.

"दोन्ही?"

"दोन्ही गं बाई, मी बघतेय!" प्रिस्काने साक्ष दिली.

पाट फरशीवरून घासत आला. खटका हलला, आणि थांबला.

"कोण आहे?"

"अगं, मी आबा!"

"विचारल्याशिवाय उघडायचं नाही, आईने सांगितलंय."

खट्! दार चार बोटे उघडले. सुरुचीने उतरून पाट बाजूला ओढला आणि आत्माराम स्वयंपाकघराकडे धावले. साय भांड्याच्या काठाशी थरथरत होती. त्यांनी गॅस बंद केला.

मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. सुरुची पुन्हा पाटावर चढून दोन्ही हात उंचावून उभी होती. "मी उघडलं! मी आणि पाटाने!"

त्या दिवशी पूजेला बराच उशीर झाला. पुडीतले पहिले फूल आत्मारामांनी तिच्या ओंजळीत ठेवले. तिने ते हुंगले.

"आबा, फुलात वास कुठून येतो?"

"बस इथे," ते पाटाशेजारी मांडी घालून बसले, "सांगतो."