चौदा मिनिटांचा सत्कार

चोपड्याच्या ललितला तक्रार करायची भारी हौस, आणि या हौसेला तो समाजकार्य म्हणायचा. पुण्या-मुंबईच्या अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनच्या मेळाव्यांना तो तीनदा जाऊन आला होता आणि तिन्ही वेळा घरी पोचायच्या आत त्याने चाहत्यांच्या ग्रुपवर लांबलचक यादी टाकली होती. रांग उन्हात, पाणी महाग, वेळापत्रक नावापुरतं. लोक वाहवा करायचे. त्यामुळे जळगावात पहिलावहिला मेळावा भरतोय हे कळल्याबरोबर पठ्ठ्याने मोबाईलवर नवी यादी उघडून तिला नावही देऊन टाकलं, ‘जळगाव: त्रुटी’. मेळाव्याला अजून आठ दिवस होते.

या खेपेला धाकटी बहीण डिंपल सोबत होती. पोशाखाच्या स्पर्धेसाठी तिने चार महिने खपून पंखवाल्या योद्ध्याचा वेष केला होता. पंख केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटांचे, तारेवर एकेक करून शिवलेले. मळ्यात ती सोपटं वेचत हिंडायची तेव्हा वडील, उखर्डूनाना, कपाळावर हात मारून घ्यायचे. तरी त्यांनी जाऊ दिलं, एका अटीवर. “स्टेजवरना व्हिडिओ दाखाड,” ते म्हणाले. “पाहू दे काय करस ते. मंग पुढला साल बी जाय.” डिंपलला स्टेजवरची दोन मिनिटं हवी होती, दुसरं काही नको होतं.

एसटीत कंडक्टरने पंखांचं अर्धं तिकीट मागितलं. ललितने एरवी वाद घातला असता, पण आज त्याला दम राखून ठेवायचा होता.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. दारावरच पाटी होती: ‘हॉल सायंकाळी पाचपर्यंत. नंतर हळद.’ प्रवेशाचा शिक्का मनगटावर उलटा उमटत होता. ललित त्यावरून दारातल्या मुलीशी वीस मिनिटं भांडला. शिक्का काही सुलटा झाला नाही. तेवढ्यात मागची सगळी रांग पुढे निघून गेली आणि स्पर्धेत डिंपलला बाविसावा, म्हणजे शेवटचा नंबर मिळाला.

“भाऊ, तू गप ऱ्हाता ते दहावा भेटता,” डिंपल म्हणाली.

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” ललित म्हणाला. तावात आला की तो पुस्तकी बोलायचा.

आत यादी भराभर वाढत गेली. स्टेजच्या मागे कालच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच: ‘नवल वेड्स पुनम’. जपानी नूडल्सच्या स्टॉलवर नूडल्स संपल्या होत्या आणि शेवभाजी चालू होती. ललितने ही पाचवी तक्रार लिहिली, शेवभाजीच्या दोन प्लेटा हाणल्या आणि तिखट कमी आहे ही सहावी लिहिली.

स्पर्धा बाराची होती. एक वाजला, दोन वाजले. प्रमुख पाहुणे एरंडोलला एका लग्नात अडकले होते आणि त्यांच्याशिवाय नारळ कोण फोडणार? ते साडेतीनला आले. मग त्यांचा सत्कार, त्यांच्यासोबत आलेल्या सहा जणांचा सत्कार, मंडपवाल्याचा सत्कार. डिंपल पंख लावून उभी होती. पंखांमुळे तिला ना बसता येत होतं, ना टेकता.

“मना नंबर येई ना, भाऊ?” तिने विचारलं. चार महिन्यांत ही शंका तिने पहिल्यांदाच बोलून दाखवली होती.

ललितचं डोकं सटकलं. चारच्या सुमारास तो तरातरा स्टेजकडे गेला. आयोजक योगराज तिथे शाली मोजत उभा होता. ललितने त्याला सतराच्या सतरा तक्रारी वाचून दाखवल्या. ऐकून झाल्यावर योगराजने हात जोडले. भांडायला आलेल्या माणसाचं काय करायचं हे आपल्याकडे लग्नाच्या मांडवात लहानपणीच कळतं, आणि योगराज मांडवातच वाढला होता.

“भाऊ, तुम्ही इतले जाणकार, आन खाले उभे?” तो म्हणाला आणि माइकवर ओरडला, “चोपड्याहून आलेले ज्येष्ठ अ‍ॅनिमे अभ्यासक ललितभाऊ!”

ज्येष्ठ अभ्यासकाचं वय सव्वीस होतं. त्याने नको म्हणायला हवं होतं, पण अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, समोर तीनशे डोकी दिसली आणि गडी विरघळला. मोबाईल डिंपलच्या हातात देत तो घाईघाईने म्हणाला, “शूटिंग कर.”

घड्याळात चार दहा झाले होते. ‘मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे,’ अशी सुरुवात करून ललित वेळेच्या नियोजनावर चौदा मिनिटं बोलला.

पाचला हळदीची मंडळी वाजतगाजत आत शिरली. तोवर सतरा नंबर झाले होते. योगराजने माइकवर माफी मागितली आणि वायर काढली. ललितने मनातल्या मनात हिशेब केला. एकेकाला दोन मिनिटं. चौदा मिनिटांत सात जण झाले असते आणि उरले होते पाचच. त्याला इतकी लाज वाटली की शाल कुठे लपवावी ते कळेना. परतीच्या एसटीत पंखांचं अर्धं तिकीट डिंपलने स्वतःच काढलं.

घरी नानांनी अख्खा व्हिडिओ पाहिला. त्यांची छाती फुगली. “पोऱ्या, मस्त बोलना रे!” ते म्हणाले. “आते डिंपलना दाखाड.”

“मना नही शे, नाना,” डिंपल म्हणाली. “भाऊना भाषणमा टाइम सरना, आन मोबाईल बी मीच धरेल व्हता.”

नानांनी एकदा पंखांकडे पाहिलं, एकदा ललितकडे, आणि मुकाट्याने मोबाईल परत दिला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर ललितला बरं वाटलं असतं.

त्याने यादी उघडली आणि अठरावी तक्रार लिहिली: ‘एका सत्कारमूर्तीने चौदा मिनिटं खाल्ली. पाच स्पर्धक राहिले. त्यात माझी बहीण होती. सत्कारमूर्ती मीच.’ वरच्या सतरा पुसल्या, ही एक ग्रुपवर टाकली. मिनिटभरात ग्रुपवरच असलेल्या योगराजचं उत्तर आलं: ‘भाऊ, इतक्या मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही. पुढच्या वर्षी उद्घाटन तुमच्याच हस्ते.’

ललितने ‘नाही’ लिहायला घेतलं. खोटं कशाला बोला, लिहिताना भाषणाचं पहिलं वाक्य त्याच्या डोक्यात तयार झालं होतं आणि ते चांगलं होतं. त्याचं बोट जरा थांबलं. डिंपल त्याच्या तोंडाकडेच बघत होती. तिने मोबाईल काढून घेतला, उत्तर लिहिलं, पाठवलं आणि पंखांची तुटलेली तार जोडायला बसली.

ललितने वाचलं. ‘पाहुणा नको. पहिला नंबर डिंपलचा. शूटिंग ललितभाऊ करतील.’