वाक्य पूर्ण कर

ती मालिका पहिल्या दिवसापासून हेमांगीच्या डोक्यात जायची. एकाच हळदीला अकरा दिवस. नायिकेची स्मृती तीनदा गेली आणि दोनदाच परत आली, मधली एक कुठे राहिली ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. कोणी नुसतं "काय?" म्हणालं तरी घरातल्या सात जणांची तोंडं आळीपाळीने दाखवायची. तरी रोज साडेसातला ती झेरॉक्सचं दुकान नवऱ्याच्या गळ्यात मारून तिच्या शाळेतल्या कलावतीबाईंच्या घरी टीव्हीसमोर बसायची. कारण मालिकेतल्या शाळेतल्या कादंबरीबाई म्हणजे आपल्या कलावतीबाईच, हे अख्ख्या कोपरीला माहीत होतं. मनगटाला तेच रबर बँड, तीच काळी छत्री, हजेरीपटात तेच तुळशीचं पान. मालिका लिहिणारा यज्ञेश हेमांगीच्याच वर्गातला होता ना!

लहानपणी यज्ञेश बोलताना अडखळायचा. एखादा शब्द अडला की अडलाच. पुढच्या बाकावरच्या हेमांगीच्या जिभेवर तो शब्द वळवळत असायचा, पण बाई बोट वर करायच्या. "त्याचं वाक्य त्याचं आहे. यज्ञेश, वाक्य पूर्ण कर, मग बस." आणि बाई थांबायच्या. एकदा मधली सुट्टी झाली, घंटा वाजून गेली, चाळीस पोरं डबे न उघडता बसून राहिली, पण बाईंनी त्याचं वाक्य त्याच्याकडूनच पूर्ण करून घेतलं. वर्गाच्या प्रत्येक मेळाव्यात हेमांगी ही गोष्ट सांगायची आणि दर वेळी तिचे डोळे भरून यायचे. अशी बाई कोणाच्या नशिबात असते?

आणि त्याच बाईंची या मेल्याने माती केली. मालिकेचे आकडे घसरले, तशा देवमाणूस असलेल्या कादंबरीबाई एका आठवड्यात खलनायिका झाल्या. अडखळणाऱ्या एका पोराला वर्गासमोर उभं करायचं आणि गालातल्या गालात हसत त्याची मजा बघायची, हा आता त्यांचा धंदा. बाजारात कोळणी हसत विचारू लागल्या, "काय बाई, तुम्ही पन असंच करायच्या काय?"

बाई आधी हसल्या. मग बाजारात जायच्या थांबल्या. मग एका संध्याकाळी ताटातला भात तसाच ठेवून म्हणाल्या, "हेमांगी, त्याला खरंच असं वाटत असेल का गं?"

"छे हो बाई! टीआरपीसाठी काय वाट्टेल ते लिहितात."

"चौतीस वर्षं शिकवलं मी. हे एकच पोर माझ्या हातून सुधारलं, असं मी मनाशी धरून बसले होते."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "थांबा. उद्या त्यालाच आणते. त्याच्या तोंडूनच ऐका." बाई नको नको म्हणत होत्या, पण हेमांगीने एकदा मनात घेतलं की ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

यज्ञेश माजिवड्याला बाविसाव्या मजल्यावर राहत होता. दार उघडताच तिने सुरू केलं. "लाज नाही वाटत? जिच्या जिवावर बोलायला शिकलास, तिलाच राक्षसीण केलीस?"

"अगं, चॅनेलला व्हिलन हवी होती."

"मग तुझी सासू मेलेली काय?"

"हेमांगी, कॅरेक्टर आहे ते."

"कॅरेक्टर गेलं खड्ड्यात! म्हातारी जेवत नाहीये तिथे. चल, आणि सांग की ते सगळं खोटं आहे. एक वाक्य बोल आणि नीघ."

यज्ञेशचा चेहरा उतरला. "मला नको नेऊस," तो म्हणाला. "खरंच नको."

तिला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. तिने त्याला जवळजवळ ढकलतच रिक्षात घातलं.

बाईंनी त्याला बघितलं आणि सगळं विसरून बेसनाचे लाडू काढले. किती बारीक झालास, म्हणाल्या. मग समोर बसल्या आणि सरळ विचारलं, "यज्ञेश, मी अशी होते का रे?"

"बाई, म... म..." एवढा मोठा लेखक, पण बाईंपुढे जीभ पुन्हा पाचवीत गेली.

"बोल ना, खोटं आहे म्हणून!" हेमांगी ओरडली.

बाईंनी बोट वर केलं. हेमांगी गप्प झाली. वरचा पंखा कुरकुरत फिरत होता आणि बाई थांबल्या होत्या.

"म... मला मरावंसं वाटायचं, बाई."

मग तो बोलतच राहिला, न अडखळता. "चाळीस जण बघायचे आणि तुम्ही थांबायचात. कोणीतरी माझं बोलून टाका, एवढंच मी देवाकडे मागायचो. तुमचा हेतू चांगला होता, ते मला मोठेपणी कळलं. म्हणून दोनशे भाग तुम्हाला देवी करून लिहिलं. पण चॅनेलने व्हिलन मागितली, तेव्हा मला ती शोधावी लागली नाही."

"नालायका!" हेमांगी त्याच्या अंगावर धावून गेली.

"हेमांगी, खाली बस," बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "वाक्य पूर्ण केलंस. बस तूही."

हेमांगी बसली. तिला ती मधली सुट्टी आठवली. यज्ञेशचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. इतक्या मेळाव्यांत तिने ती गोष्ट सांगितली, पण हे एकदाही सांगितलं नव्हतं. आणि आज तिनेच त्याला बखोट धरून इथे आणलं होतं.

साडेसात वाजले. बाईंनी स्वतः उठून टीव्ही लावला. यज्ञेश घाईने म्हणाला, "नको बाई, आज नको." त्यांनी ऐकलं नाही.

पडद्यावर वर्ग होता. कादंबरीबाई खुर्चीत हसत बसल्या होत्या आणि फळ्यासमोर ते पोर उभं होतं. "माझ्या गा... गा..." त्याच्या पाठीमागे ढोल वाजत होते, चाळीस तोंडं एकेक करून दाखवत होते.

"गावाचं," बाई पटकन म्हणाल्या. त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "माझ्या गावाचं नाव. झालं, बाळा, झालं. बस आता खाली."

पोर उभंच होतं.