शनिवारचे सहा नऊ

पॅगोड्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्योतिषी सया माउंगनं फळ्यावर आकडा लिहिला: १४२८५७. आमच्याकडे माणसाचा जन्मवार आधी विचारतात. रविवारचा एक, सोमवारचे दोन, असं करत शनिवारचे सात. आपल्या वारानं सयाचा आकडा गुणायचा.

"ये रे, सोमवारवाल्या. दोननं गुण."

२८५७१४. तेच अंक, नुसते फिरलेले.

"बघा, ग्रह चालतोय. याला मरण नाही, बायकोचा मार तेवढा आहे."

लोक हसले. मंगळवारचे ४२८५७१, बुधवारचे ५७१४२८. बायकांनी हात जोडले.

मग माझी मुलगी न्वे नी पुढे झाली. आठवा महिना, पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब फार आहे, आजच्याच बोटीनं इस्पितळात न्या, असं नर्सनं सकाळी बजावलं होतं. निघण्याआधी ती फक्त विचारायला थांबली. ती शनिवारची. तिची आईही शनिवारचीच होती.

सातनं गुणलं. ९९९९९९.

बायका मागे सरकल्या. आमच्याकडे नऊ जणांनी प्रवासाला निघणं अशुभ; तसं निघावं लागलंच तर दहावा म्हणून एक दगड बरोबर घेतात. इथे तर सहा नऊ.

"चक्र तुटलं," सया म्हणाला. "आई बोलावतेय. अमावस्येपर्यंत पाणी ओलांडू नकोस. उतारा मी करतो."

"बाबा, मी नाही बोटीत बसत."

तिची आई गेल्या पावसाळ्यात गेली. घरात एक ताट कमी लागतं, त्याची मला अजून सवय नाही. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला आणि मी तिची पिशवी खाली ठेवली.

शाळेच्या खिन मे बाई पुढे आल्या आणि गर्दीतल्या एका म्हातारीकडे वळल्या. "टिन आजी, तुमचा वार?"

"शनिवार. का गं?"

"वय?"

"अठ्ठ्याऐंशी. दात गेले, बाकी मी आहे." आजीनं फळ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझेही नऊच की. मग हा आकडा मला कधी नेणार होता?"

बाईंनी खडू घेतला. "९९९९९९ ला सातनं भागलं की १४२८५७ येतात. सयांनी आकडा तिथूनच आणलाय. परत सातनं गुणल्यावर दुसरं काय येणार?"

"आणि अंक फिरतात ते?" कुणीतरी विचारलं.

"एकाला सातनं दशांशात भागत बसा. त्याच सहा बाक्या ठरलेल्या क्रमानं परत येतात, म्हणून अंकही तेच येतात. दोनाला भागा, रांग तीच, सुरुवात दुसरीकडून. यात ग्रह नाही, भागाकार आहे."

"शास्त्राची थट्टा करू नका, बाई," सया म्हणाला.

"थट्टा नाही. हिचा रक्तदाब या फळ्यावर कुठे आहे, तेवढं दाखवा."

सया फळा पुसायला लागला.

"खरं ना, बाई?" न्वे नीनं विचारलं.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. स्वतः भाग."

तिनं भागलं. उत्तर तेच आलं, १४२८५७. खडू ठेवून ती म्हणाली, "बाबा, बोट थांबवा."

बोटीत तिनं माझा हात सोडला नाही. इस्पितळात डॉक्टरांनी त्याच दिवशी बाळ काढलं. आई-बाळ दोघंही सुखरूप आहेत.

भीती एका भागाकारानं जात नाही. माझीही गेली नव्हती. पण घाबरलेल्या माणसालाही बोटीत बसता येतं. आकड्याला कुणाचं मरण ठाऊक नसतं. कुणी आकडा दाखवून भिववलं, तर तिथेच बसून भागून बघा. आणि पाय सुजले असतील, तर आधी दवाखाना गाठा.