दुसऱ्या बरणीतलं अंडं

आमच्या अंगणात अर्धं सिहोरा गाव गोळा झालं होतं. माझ्या नातवाचा, अनुपचा, ताप उतरत नव्हता, म्हणून विनोदनं, माझ्या शिकलेल्या लेकानं, दवाखाना सोडून बाबा आणला. या जन्मात मी इतके बाबा पाहिले, की आता राग यायचाही कंटाळा येतो.

बाबापुढं पाण्यानं भरलेली काचेची बरणी. ज्यानं त्यानं अंडं स्वतःच्या डोक्यावरून ओवाळायचं अन् तिच्यात सोडायचं.

"निर्मळ आत्मा तरंगेगा! करणी करणारा सीधा तळाशी! बोलो जलमाता की..."

"जय!"

यादोरावचं अंडं तरंगलं. वच्छलाचं तरंगलं. नत्थूचंही तरंगलं; तो निर्मळ असेल तर आमचा बोकड संत म्हणायचा.

मग धुरपता उठली. माझी धाकटी जाऊ. नवरा नाही, लेकरू नाही. अनुपला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनंच. बाबानं डोळे मिटले. "इसकी छाया जड आहे. दुसरी बरणी आणा."

दुसरी बरणी आली. काहून, ते कोणी विचारलं नाही. अंडं सरळ तळाशी गेलं.

"काकी, आजच घर सोड," विनोद म्हणाला. तिच्याकडं न पाहता.

"बाई, म्या काय केलं जी?" धुरपता मला विचारत होती.

गुडघे दुखतात. उठायचं जिवावर आलं होतं. पण उठले.

"बाबाजी, पहिल्या बरणीतलं तीर्थ द्या. पोराले पाजाचं आहे."

"ते पाणी पीत नाहीत, माताजी! भस्म व्हाल!"

"देवाचं पाणी, अन् पिता येत नाही?"

मीच पहिल्या बरणीत बोट बुडवलं, चाटलं. असं खारट, की तोंड वाकडं झालं.

दर पेरणीच्या आधी याच अंगणात आम्ही बियाण्याचं धान मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट दाणे वर येतात, भरलेले खाली बसतात. अन् मीठ पुरलं का, ते पाहायला आधी अंडंच सोडतो! जमलेल्या एकेकानं हे केलेलं. तरी सगळे हात जोडून बसलेले.

मी चुलीजवळचा मिठाचा डबा आणला अन् धुरपताच्या बरणीत ओतत गेले, ढवळत गेले. अंडं हललं. मग हळूच वर आलं.

"पाहा. अंडं जेवढी जागा घेते, तेवढ्या जागेतलं पाणी त्याच्याहून हलकं असलं, तर ते बुडते. मीठ घातलं की तेच पाणी वजनदार होते अन् अंड्याले वर उचलते. अंड्याले कोणाचं पाप ठाऊक नाही."

बाबा झोळी आवरू लागला. तेवढ्यात नत्थू ओरडला, "रत्नाबाईच्या आंगात देवी आली!" चार बायका माझ्या पाया पडायला वाकल्यासुद्धा.

काय करावं या लोकांचं?

"उठा वं! हात कायले जोडता? बोट बुडवा अन् चाटा."

आधी विनोदनं चाटलं. थुंकला. "माय, चुकलं..."

"मले काय सांगतोस? काकीले सांग. अन् गाडी काढ."

तो काय पुटपुटला, ते मला ऐकू आलं नाही. धुरपतानं मात्र ऐकलं. तिनं अनुपला पदरात गुंडाळलं अन् दवाखान्यात जायला विनोदच्या मागं गाडीवर बसली.

पुढचा बाबा येईल तेव्हा मी असेन-नसेन. हात जोडण्याआधी चाखून पाहा, एवढंच सांगते.